सर्वांचे एक माप

मनुष्याच्या नित्य व्यवहारात मापांवाचून एक दिवसही जात नाही. सकाळी दूध मापून घेतले जाते, बाजारात धान्य तोलले जाते, शिंपी कापड मोजतो, वैद्य औषधाची मात्रा ठरवितो आणि शेतकरी आपल्या शेताची हद्द मोजणीदाराकडून निश्चित करून घेतो. या सर्व प्रसंगी देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक तिसरा साक्षीदार उभा असतो. तो म्हणजे माप. हा साक्षीदार खरा असेल तर व्यवहार न्यायाचा होतो. तोच खोटा निघाला तर प्रामाणिक मनुष्याच्या हातूनही दुसऱ्याची फसवणूक होते. म्हणून माप कोणी ठरवावे, ते कोठे ठेवावे आणि त्याच्या खरेपणाची हमी कोणी द्यावी, हा प्रश्न वरवर लहान दिसला तरी तो न्यायाचाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अनेक राष्ट्रांतील विद्वानांना दोनशेहून अधिक वर्षे परिश्रम करावे लागले.

मोजणे म्हणजे तुलना करणे होय. अज्ञात वस्तू ज्ञात वस्तूशी ताडून पाहिली की मोजणी होते. प्राचीन काळी मनुष्याजवळ ज्ञात अशी एकच वस्तू सदैव असे, ती म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. त्यामुळे वीत, हात, मूठ, पाऊल ही मापे जवळजवळ सर्व देशांत आढळतात. परंतु एकाचा हात लांब, तर दुसऱ्याचा आखूड. म्हणून राज्यकर्त्यांनी एखादी ठरावीक लांबीची काठी प्रमाण मानण्याची पद्धत पाडली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यात जमिनीच्या मोजणीसाठी पाच हात आणि पाच मुठी एवढ्या लांबीची काठी ठरविण्यात आली होती. काठी एकच असली म्हणजे एका गावच्या जमिनीचा सारा दुसऱ्या गावच्या साऱ्याशी ताडून पाहता येतो.

तथापि अशी काठी त्या त्या राज्यापुरतीच चाले. सीमा ओलांडली की माप बदले. आणि नाव तेच राहून माप बदलले म्हणजे घोटाळा अधिकच वाढे. इंग्रजी अमदानीत भारतात ‘मण’ हा शब्द सर्वत्र प्रचारात होता. परंतु मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा होता. मद्रासचा मण २५ पौंडांचा होता. आणि बंगालचा मण ८२ पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होता. मुंबईच्या जवळजवळ तीन मणांचा बंगालचा एक मण होत असे. ज्याला हे अंतर ठाऊक असे त्याचा लाभ होई आणि ज्याला ते ठाऊक नसे त्याची हानी होई.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये तर या गोंधळाने कळस गाठला होता. तेथे मापांची नावे सुमारे ८०० होती आणि गावोगावचे फरक लक्षात घेता निरनिराळी मापे अडीच लाखांच्या घरात जात, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. अनेक ठिकाणी धान्य मोजण्याचे माप गावच्या सरदाराच्या ताब्यात असे. शेतकऱ्याने सरदाराला द्यावयाचे धान्य त्याच मापाने मोजले जाई. माप शीग लावून भरावयाचे की वरून सपाट करावयाचे, यावरूनही तंटे होत. दर तोच ठेवून माप मोठे केले की शेतकऱ्यावरील भार वाढे. आणि दाद मागावयाची तर न्यायनिवाड्याचा अधिकारही पुष्कळदा त्याच सरदाराकडे असे. १७८९ साली राजा सोळावा लुई याने प्रजेच्या प्रतिनिधींची सभा बोलाविली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपापल्या तक्रारी लिहून पाठविल्या. त्यांपैकी अनेक तक्रारअर्जांत एक मागणी पुनःपुन्हा आढळते: सर्व देशात एकच वजन आणि एकच माप असावे.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९० साली तालेराँ याने राष्ट्रीय सभेपुढे मापांच्या सुधारणेचा प्रस्ताव मांडला आणि ते कार्य तेथील विज्ञान अकादमीकडे सोपविण्यात आले. अकादमीपुढे मोठा प्रश्न होता. पॅरिस शहरातील माप सर्व देशावर लादले असते तर काम सोपे झाले असते; परंतु मग ते पॅरिसचे माप ठरले असते. राजाच्या पावलाचे माप घेतले असते तर ते राजाचे ठरले असते. शास्त्रज्ञांना असे माप हवे होते की ज्यावर कोणत्याही राजाचा, शहराचा किंवा राष्ट्राचा विशेष हक्क नाही. अशी वस्तू त्यांना एकच दिसली. ती म्हणजे सर्वांना सारखाच आधार देणारी पृथ्वी. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी समान भाग करावेत आणि त्यांपैकी एका भागास लांबीचे मूळ माप मानावे, असे १७९१ साली ठरले. माप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘मीटर’ हे नाव देण्यात आले.

ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोरी धरून चालत जाणे शक्य नव्हते. आणि तसे करण्याचे कारणही नव्हते. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील डंकर्क शहरापासून स्पेनमधील बार्सिलोना शहरापर्यंतचे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर, म्हणजे त्या संपूर्ण अंतराच्या जवळजवळ दशांश आहे. ही दोन्ही शहरे समुद्रकाठी आणि जवळपास एकाच रेखावृत्तावर वसलेली आहेत. त्यांमधील अंतर अचूक मोजले आणि ताऱ्यांच्या वेधांवरून दोन्ही ठिकाणांचे अक्षांश काढले, की संपूर्ण अंतर गणिताने काढता येते. हे अंतर त्रिकोणांच्या साहाय्याने मोजण्यात आले. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले तर उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. म्हणून चर्चचे मनोरे, किल्ले आणि डोंगरमाथे निवडून त्यांना जोडणाऱ्या त्रिकोणांची साखळी कल्पिण्यात आली. जमिनीवर प्रत्यक्ष पट्ट्या ठेवून मोजावयाच्या बाजू दोनच होत्या. बाकी सर्व काम कोन मोजण्याचे होते.

या कामासाठी १७९२ च्या जून महिन्यात दोन ज्योतिर्विद पॅरिसहून निघाले. दलांब्र याच्याकडे उत्तरेचा भाग होता आणि मेशँ याच्याकडे दक्षिणेचा. काम एका वर्षात संपेल अशी अपेक्षा होती. त्याला जवळजवळ सात वर्षे लागली. देशात क्रांतीची धामधूम आणि सरहद्दींवर युद्ध, अशा काळात मनोऱ्यावर चढून दुर्बिणीने दूरवर पाहणारा मनुष्य लोकांना हेर वाटे. पॅरिसजवळील सां-दनी येथे दलांब्रला अडविण्यात आले आणि आपली यंत्रे कशासाठी आहेत हे त्याला जमलेल्या लोकांना समजावून सांगावे लागले. एका ठिकाणी त्याने खुणेसाठी मनोऱ्यावर पांढरे कापड लावले. पांढरा हा राजपक्षाचा रंग असल्यामुळे लोक संतापले; तेव्हा त्याने त्या कापडाला तांबड्या आणि निळ्या पट्ट्या शिवून घेतल्या आणि आपले काम पुढे चालू ठेवले. काही काळ शासनाने त्याला या कामावरून दूरही केले होते. मापांच्या सुधारणेत भाग घेतलेला विख्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझ्ये याला तर १७९४ साली देहान्ताची शिक्षा झाली.

मेशँची परीक्षा निराळ्या प्रकारची होती. तो स्पेनमध्ये असतानाच फ्रान्स आणि स्पेन यांच्यात युद्ध सुरू झाले आणि त्याला परत जाण्यास मनाई झाली. त्यातच एका अपघातात तो जबर जखमी झाला. सक्तीच्या मुक्कामात वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याने बार्सिलोनामध्ये पुन्हा ताऱ्यांचे वेध घेतले. शहराजवळच्या टेकडीवरील किल्ल्यातून त्याने पूर्वी अक्षांश काढले होते. आता त्याने ते शहरातील एका खाणावळीतून काढले. दोन्ही जागांमधील अंतर ठाऊक असल्यामुळे दोन्ही उत्तरे जुळावयास हवी होती. परंतु त्यांत सुमारे ३ विकलांचा फरक आला. एका अंशाच्या ३६०० व्या भागास विकला म्हणतात. जमिनीवर हा फरक सुमारे १०० मीटरच भरतो. एक हजार किलोमीटरांच्या मोजणीत तो क्षुल्लकच होता. परंतु ज्या मापावर पुढे सर्व जगाने विश्वास ठेवावयाचा, त्यात आपल्याकडून दोष राहिला, ही जाणीव मेशँला असह्य झाली. त्याने तो फरक कोणालाही सांगितला नाही. पॅरिसला परतल्यावर त्याचा मोठा सन्मान झाला. तथापि त्याच्या मनाला शांती लाभली नाही. मोजणी आणखी दक्षिणेकडे वाढविण्याचे काम मागून घेऊन तो पुन्हा स्पेनमध्ये गेला आणि १८०४ साली तेथेच तापाने मरण पावला. त्याची मूळ टिपणे दलांब्रच्या हाती आली, तेव्हा झाकलेली गोष्ट उघड झाली. दलांब्रने ती टिपणे नष्ट केली नाहीत. पुढील अभ्यासकांना पाहता यावीत म्हणून त्याने ती पॅरिसच्या वेधशाळेत जपून ठेविली.

या दोघांपैकी कोणीही आळशी किंवा अप्रामाणिक नव्हता. अत्यंत दक्षतेने घेतलेल्या वेधांतही थोडाफार फरक राहतोच. तो हिशेबात कसा घ्यावा याचे गणित त्या वेळी पुरते तयार झालेले नव्हते. पुढे शास्त्रज्ञांनी असा दंडक घातला की प्रत्येक मापनाबरोबर त्यात किती चूक संभवते हेही सांगावे. जे मेशँने लाजेने लपविले, ते आज प्रत्येक संशोधक आपल्या निष्कर्षाशेजारी उघडपणे लिहितो.

१७९९ साली निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी पॅरिसमध्ये एकत्र बसून सर्व आकडे तपासले आणि प्लॅटिनम धातूची मीटरपट्टी व किलोग्रॅमचे वजन तयार करवून राष्ट्राच्या दप्तरखान्यात ठेविले. पुढे अधिक सूक्ष्म मोजणीने असे दिसून आले की, ही पट्टी ठरलेल्या लांबीपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड आहे. याचे मुख्य कारण मेशँची चूक नव्हे, तर पृथ्वीच्या आकाराविषयीचे तत्कालीन अपुरे ज्ञान होय. पृथ्वी ध्रुवांजवळ किती चपटी आहे, याचा त्या काळी धरलेला हिशेब बरोबर नव्हता.

नव्या पद्धतीचा दुसरा मोठा गुण म्हणजे तिची सुसंगती होय. तिच्यात सर्व मापे दहाच्या पटीने वाढतात वा कमी होतात, म्हणून तिला दशमान पद्धती म्हणतात. शिवाय लांबी, आकारमान आणि वजन ही मापे एकमेकांशी जोडलेली आहेत. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर असलेल्या चौकोनी डब्यात जेवढे पाणी मावते ते एक लिटर. आणि तेवढ्या पाण्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम. या संबंधाचा उपयोग नित्याच्या जीवनात सहज होतो. पर्जन्यमापकात १० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर १०० चौरस मीटर छपरावर १,००० लिटर पाणी पडले आणि त्याचे वजन सुमारे १,००० किलोग्रॅम होते, हे कागद-पेन्सिलीवाचून सांगता येते.

एवढे गुण असूनही लोकांनी नवी मापे लगेच स्वीकारली नाहीत. परिचित नावे आणि अंगवळणी पडलेले हिशेब सोडणे कोणासही कठीण जाते. १८१२ साली नेपोलियनने नित्य व्यवहारात जुन्या नावांच्या मापांना पुन्हा मोकळीक दिली. अखेरीस १८४० सालापासून फ्रान्समध्ये दशमान मापे सक्तीची झाली. म्हणजे पृथ्वी मोजण्यास सात वर्षे लागली. मने वळविण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला.

एकोणिसाव्या शतकात आगगाड्या, तारायंत्रे आणि यंत्रांचे कारखाने यांमुळे राष्ट्रांचे परस्परव्यवहार वाढले आणि समान मापांची निकड सर्वांनाच भासू लागली. २० मे १८७५ रोजी पॅरिस येथे १७ राष्ट्रांनी मीटरविषयक करारावर सह्या केल्या. चारच वर्षांपूर्वी परस्परांशी लढलेले फ्रान्स आणि जर्मनी हे दोन्ही देश त्यांत होते. या करारान्वये पॅरिसजवळील सेव्र येथे आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालय स्थापन झाले. त्याचा खर्च सर्व सदस्य राष्ट्रे मिळून करतात. प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंच्या मिश्रणाची नवी प्रमाण मापे तयार करण्यात आली आणि १८८९ साली त्यांच्या प्रती राष्ट्रांना वाटून देण्यात आल्या. कोणती प्रत कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरविण्यात आले. त्यामुळे लहानमोठा असा भेद राहिला नाही. मूळ किलोग्रॅम हे सुमारे ३९ मिलिमीटर उंचीचे आणि तेवढ्याच व्यासाचे लहानसे वजन आहे. ते ज्या तळघरात ठेविले, त्याला तीन किल्ल्या लागत आणि त्या तीन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे असत. एकेकाळी सरदाराच्या कोठारात असणारे माप आता कोणाही एकाच्या हाती राहिले नव्हते.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर भारतानेही हाच मार्ग पत्करला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. तत्पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै असा हिशेब होता. १९५६ साली वजनमापांचा कायदा संमत झाला. १९५७ साली भारत मीटर करारात सामील झाला, १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली आणि १९६२ साली त्यांचा वापर सक्तीचा झाला. त्यापूर्वी महाराष्ट्रात धान्य मोजताना दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली होई. सोने तोलताना आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा होई. तीन मण सतरा शेर नऊ छटाक धान्याची किंमत काढताना शाळेतील मुलांचीच नव्हे, तर मोठ्यांचीही तारांबळ उडे. नव्या मापांनी हे कष्ट वाचविले. जुने शब्द मात्र लोकांच्या बोलण्यात टिकून राहिले. आज पावशेर म्हणून पाव किलो भाजी मागितली जाते आणि सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम धरले जातात. भारताला मिळालेली किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ठेवण्यात आली. प्रमाण वजनाशी प्रयोगशाळेतील वजने ताडावयाची, त्यांच्याशी शासकीय निरीक्षकांची वजने ताडावयाची आणि निरीक्षकांनी दुकानदाराच्या वजनावर शिक्का मारावयाचा, अशी ही साखळी बाजारातील तराजूपर्यंत पोहोचते.

परंतु धातूच्या वस्तूवर अवलंबून राहण्यात एक अडचण होती. सुमारे शंभर वर्षांनंतर तुलना केली असता मूळ किलोग्रॅम आणि त्याच्या प्रती यांत सरासरी एका ग्रॅमच्या वीस हजाराव्या भागाएवढे अंतर पडल्याचे दिसून आले. ते तांदळाच्या एका दाण्याहून शेकडो पटींनी लहान होते. तथापि ते पडले होते. प्रती जड झाल्या की मूळ वजन हलके झाले, हेही ठरविता येईना. कारण मूळ वजन हेच किलोग्रॅम, अशी व्याख्या होती. म्हणून शास्त्रज्ञांनी वस्तूऐवजी निसर्गाच्या न बदलणाऱ्या नियमांचा आधार घेतला. १९८३ पासून निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर जातो, ते अंतर म्हणजे मीटर होय. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याही प्लांकचा स्थिरांक या निसर्गातील अचल संख्येवर आधारण्यात आली. आता प्रमाण मापाला तीन किल्ल्यांची गरज उरली नाही. योग्य साधने असलेली कोणत्याही देशातील प्रयोगशाळा ते स्वतः सिद्ध करू शकते.

समान मापाचे महत्त्व विसरले तर काय होते, याचा एक दाखला १९९९ साली मिळाला. मार्स क्लायमेट ऑर्बिटर नावाचे अमेरिकेचे यान मंगळाकडे पाठविण्यात आले होते. यानाला दिलेल्या धक्क्यांचा हिशेब एका गटाने पौंडांवर आधारलेल्या मापात मांडला आणि दुसऱ्या गटाने तो दशमान मापात आहे असे समजून वापरला. यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि नष्ट झाले. तेथे ज्ञानाची किंवा यंत्रांची उणीव नव्हती. एकाचे माप दुसऱ्याला कळले नाही, एवढेच झाले.

आज साठांहून अधिक राष्ट्रे मीटर कराराची सदस्य आहेत. अमेरिका हा १८७५ च्या मूळ १७ राष्ट्रांपैकी एक देश. तेथे नित्य व्यवहारात पौंड चालतो, परंतु त्या पौंडाचे मूल्यही १९५९ पासून किलोग्रॅमवरूनच ठरविलेले आहे. भाषा, धर्म, राज्यपद्धती यांत भिन्न असलेली राष्ट्रे ज्या थोड्या गोष्टींवर एकमत झाली, त्यांत मापांची गणना करावी लागते. हे एकमत कोणी बळाने घडवून आणलेले नाही. जे माप कोणा एकाचे नसते, त्यावरच सर्वांचा विश्वास बसतो, या अनुभवातून ते घडले आहे. फ्रान्समधील शेतकऱ्यांनी १७८९ साली जी मागणी लिहून पाठविली होती, ती त्यांच्या गावच्या धान्यापुरती होती. ती पूर्ण करता करता साऱ्या जगाला एक माप लाभले.